पॉलिहाऊसमधला टोमॅटो : बी टाकण्यापासून शेवटच्या तोडणीपर्यंत

पॉलिहाऊसमधला टोमॅटो बहुतेकांच्या हातून एकाच वळणावर सुटतो. रोपं छान येतात, पहिले तीन-चार घोस भरघोस लागतात. मग दोरीवर चढवलेलं झाड वरच्या आडव्या तारेला टेकतं, खालची पानं पिवळी पडतात आणि फुलं गळायला लागतात. अशा वेळी लोक खत वाढवतात, फवारण्या वाढवतात, आणि फरक काहीच पडत नाही. बी कोणतं घेतलं, दोरी किती सोडली, पहिल्या घोसावर फळं किती ठेवली आणि पाणी कोणत्या वेळी दिलं, यावरून तोडणीची लांबी तोपर्यंत ठरून गेलेली असते. त्यामुळे खालच्या कामांचा क्रम महत्त्वाचा आहे. एखादं काम उशिरा केलं, तर ते केल्याचा फायदा बहुधा मिळत नाही.

## टप्पा १ : तारीख उलटी मोजा, मग बी घ्या

पेरणीपासून पुनर्लागवडीपर्यंत उबदार हवेत २५ ते ३० दिवस लागतात, थंडीत सहा आठवड्यांपर्यंत. तिथून पहिलं लाल फळ यायला आणखी ६५ ते ८० दिवस. हा हिशेब सगळे करतात, पण तो पहिल्या तोडणीपासून उलटा करतात. तो फुलांपासून करायला हवा. पहिले तीन-चार घोस लागवडीनंतर साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात फुलतात. या काळात दिवसाचं तापमान २१ ते २८ अंश आणि रात्रीचं १५ ते २० अंश असेल, अशी पेरणीची तारीख धरा. कडाक्याचा उन्हाळा किंवा गारठा आला तरी तो झाड मोठं झाल्यावर यावा, पहिल्या फुलांवर नको.

वाण इनडिटरमिनेटच हवा, म्हणजे ज्याचा शेंडा सतत वाढत राहतो असा. झुडपी वाण ठरावीक घोस देऊन थांबतो. त्याला आठ फूट दोरी बांधली तरी तो चार फुटांवरच राहणार आणि महागाची उभी जागा रिकामी जाणार. पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते बी घेऊ नका. रोप मोठं झाल्यावर खात्री करता येते: सतत वाढणाऱ्या वाणात दोन घोसांमध्ये साधारण तीन पानं असतात, तर झुडपी वाणात एक-दोन पानांनंतर लगेच पुढचा घोस येतो आणि शेवटी शेंड्यावरच घोस येऊन वाढ थांबते.

विषाणू, मर (झाड वाळवणारा रोग) आणि सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक किडे) यांतला जो त्रास तुमच्याकडे आधी झालेला आहे, त्याला सहनशील वाण निवडा. संकरित वाणाच्या फळातून काढून ठेवलेलं बी पुढच्या पिढीत एकसारखं येत नाही, तेव्हा ती काटकसर इथे नको. सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचं घरचं बी असेल तर ५० अंश तापमानाच्या पाण्यात २५ मिनिटं ठेवून, लगेच गार करून, सावलीत सुकवून घ्या. तापमापक हाताशी नसेल तर हा प्रयोग करू नका, कारण दोन-तीन अंश जास्त झाले तरी उगवण बसते. कंपनीने रंगीत लेप दिलेलं बी पुन्हा भिजवू नये.

तपासा : जमीन उन्हात तापवून निर्जंतुक करायची असेल, तर पारदर्शक प्लास्टिक अंथरून ती चार ते सहा आठवडे ठेवावी लागते. म्हणजे ते काम पेरणीच्याही आधी सुरू होतं. रोपं तयार झाली आणि बेड अजून प्लास्टिकखाली आहेत, ही फजिती फार ठिकाणी होते.

## टप्पा २ : ट्रेमधली रोपं

९८ किंवा १०४ कप्प्यांचा ट्रे घ्या. जुना ट्रे असेल तर आधी ब्रशने माती काढा, मग जंतुनाशकात बुडवा. मातीचा थर तसाच ठेवून बुडवलेला ट्रे निर्जंतुक होत नाही.

कोकोपीट धुतलेलं हवं. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशचे क्षार असतात आणि त्यात रोपांच्या पानांच्या कडा करपतात. ओलावा किती असावा? मूठभर घेऊन दाबलं की बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर जास्त झालं. ट्रे भरताना दाबून भरू नका, वरून सपाट हात फिरवला की पुरे.

१. प्रत्येक कप्प्यात मधोमध अर्धा ते एक सेंटिमीटर खोल एकच बी टाका. सगळी खोली सारखी ठेवा, नाहीतर उगवण पुढे-मागे होते.

२. वरून कोकोपीटचा पातळ थर द्या आणि हलकं पाणी द्या.

३. ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाका. तापमान २५ ते २८ अंश ठेवा. १५ अंशांखाली उगवण फार रेंगाळते, ३५ च्या वर बी बिघडतं.

४. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ झाकण उघडून बघा. पहिले पांढरे वाकडे कोंब दिसले की ट्रे त्याच दिवशी उजेडात मांडा.

रोपवाटिकेतली सगळ्यात महागडी चूक या चौथ्या पायरीत होते. सगळे कोंब येऊ देत, मग उचलू, असं म्हणून ट्रे आणखी एक दिवस अंधारात राहतात आणि रोपाच्या मानेचा दोरा होतो. हे लंबूळकं रोप पुढे सरळ होत नाही. त्याचा पहिला घोस उंचावर लागतो आणि खालची जागा वाया जाते.

पाणी सकाळी द्या आणि संध्याकाळपर्यंत वरचा थर कोरडा दिसू द्या. रोपं बुंध्यापाशी पाण्याने उकडल्यासारखी मऊ होऊन आडवी पडू लागली, तर ते ओलाव्याने वाढणाऱ्या बुरशीचं काम आहे. पाणी कमी करा, हवा खेळती करा, पडलेली रोपं कप्प्यासकट काढा. फक्त औषध ओतून आणि ट्रे तसाच ओला ठेवून काही थांबत नाही.

पहिलं खरं पान उघडलं की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पोटॅश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. याहून जास्त नको. गडद हिरवं, लुसलुशीत रोप नजरेला आवडतं खरं, पण पुनर्लागवडीनंतर तेच आधी मान टाकतं.

शेवटचे पाच ते सात दिवस रोप कणखर करायचं: पाणी थोडं ताणून द्यायचं, सावली कमी करायची, हवा वाढवायची. थंडीत ट्रे बाहेर ठेवून काटक करण्याच्या नादात रोपं १० अंशांखाली जाऊ देऊ नका.

तपासा : एक रोप बुंध्याला धरून अलगद उपसा. कोकोपीटचा गोळा अखंड बाहेर यावा आणि मुळं पांढरी असावीत. गोळा फुटला तर रोप अजून कच्चं आहे. मुळं तपकिरी होऊन तळाशी गोल फिरली असतील तर रोप थोराड झालं. चार-पाच पानं आणि १२ ते १५ सेंटिमीटर उंची ही योग्य वेळ.

## टप्पा ३ : बेड, तारा आणि ड्रिपर, रोपं यायच्या आधी

रोपं ट्रेमध्ये असतानाच हे काम संपलं पाहिजे. आधीचं पीक वांगं, मिरची, बटाटा किंवा टोमॅटोच असेल, तर जमिनीतले रोग आणि सूत्रकृमी तुमची वाट बघत बसलेले आहेत असं समजा.

मातीचा सामू (pH) ६ ते ६.८ असावा. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. हातात घेतल्यावर गरम लागत असेल किंवा उग्र वास येत असेल तर ते अजून तयार नाही. बेड ३० ते ४० सेंटिमीटर उंच, वर ९० ते १०० सेंटिमीटर रुंद, मधली वाट ५० ते ६० सेंटिमीटर. एका बेडवर दोन ओळी, ओळींत ६० आणि रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर. म्हणजे चौरस मीटरला अडीच ते तीन झाडं होतात. त्याहून दाट लावल्याने फळं वाढत नाहीत, पानं वाढतात आणि खाली हवा कोंडते.

आडव्या तारेकडे नीट बघा. फळांनी लगडलेलं एक झाड चार-पाच किलो ओढतं असं धरलं, तर साठ झाडांची एक ओळ तीनशे किलोपर्यंत जाते. पॉलिहाऊसचा सांगाडा हा भार धरून बांधलेला नसेल तर तारेला स्वतंत्र खांब द्या.

दोरीची लांबी हा तर सगळ्या लेखाचा कणा आहे. तारेपासून जमिनीपर्यंत तीन मीटर लागत असतील तर एका झाडाला आठ ते दहा मीटर दोरी हवी. जास्तीची दोरी तारेवरच्या गुंडाळीच्या हुकावर ठेवायची. मोजून कापलेली दोरी बांधली की झाड तारेला पोचेल त्या दिवशी तुमचे पर्याय संपले.

ठिबकच्या ड्रिपरची तपासणी लागवडीआधी करा. ओळीच्या सुरुवातीला, मध्यात आणि टोकाला ड्रिपरखाली बाटल्या ठेवून १५ मिनिटं पाणी सोडा. पाण्यात १० टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल तर आधी तो काढा. नंतर टोकाची झाडं कायम मागे पडतात आणि आपण रोग शोधत बसतो.

सावधान : बाजूच्या जाळीला आणि दाराला एखादं जरी भोक राहिलं, तरी पांढरी माशी त्यातून येते आणि सोबत पर्णगुच्छाचा विषाणू आणते. ४० ते ५० मेशची जाळी आणि दोन दारांचा आडोसा हे लागवडीआधीचं काम आहे. विषाणू आल्यावर झाड उपटण्यापलीकडे हातात काही नसतं.

## टप्पा ४ : पुनर्लागवड

आदल्या दिवशी बेड भिजवून वाफसा येऊ द्या. लागवड संध्याकाळी करा. रोप पहिल्या बीजपानांपर्यंत खोल बसवलं तरी चालतं, उलट गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. थोडं लांबलेलं रोप तिरकं निजवून लावा. कलमी रोपाचा जोड मात्र मातीच्या वर राहिला पाहिजे. तो मातीत गेला की वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात आणि कलम करण्याचा हेतूच संपतो.

मल्चिंग पेपर असेल तर भोक मोठं ठेवा, खोड कागदाला टेकता कामा नये. दुपारी तापलेल्या प्लास्टिकला टेकलेलं कोवळं खोड त्या उंचीला पट्टीसारखं भाजतं. लोक त्याला मर समजतात आणि मुळांत औषध सोडतात.

लागवडीनंतर भरपूर पाणी द्या. आंबवणीनंतर (लागवडीनंतरच्या दुसऱ्या पाण्यानंतर) मात्र हात आखडता घ्या, म्हणजे मुळं ओल शोधत खाली जातील. लागवडीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोज थोडं-थोडं पाणी दिलेल्या झाडाची मुळं वरच्या थरातच राहतात आणि पहिल्या कडक दुपारी ते माना टाकतं. नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, आठवड्याच्या आत भरा. नंतर भरलेलं रोप शेजाऱ्यांच्या सावलीत खुरटतं.

## टप्पा ५ : एक खोड, एक दोरी, दर आठवड्याला

दोरी खोडाभोवती सैल फास देऊन किंवा क्लिपने पकडा. क्लिप पानाच्या देठाखाली लावा, घोसाखाली नको. दोरी गुंडाळायची दिशा सगळ्या झाडांना एकच ठेवा. दोन माणसांनी दोन दिशांनी गुंडाळली की पुढे झाडं उतरवताना खोडं मोडतात.

बगलफुटी (पानाच्या बेचक्यातून येणारे फुटवे) बोटभर व्हायच्या आत, सकाळी, हातानेच मोडायच्या. सकाळी त्या कडक असतात, बाजूला वाकवलं की टचकन तुटतात आणि जखम दुपारपर्यंत सुकते. कात्री एका झाडाचा विषाणू दुसऱ्यावर नेते. तंबाखू हाताळलेल्या हातांनी झाडांना हात लावू नका, आधी साबणाने हात धुवा. तंबाखूतून येणारा मोझॅक विषाणू टोमॅटोलाही लागतो.

आठवडा चुकला तर बगलफूट पेन्सिलीएवढी होते. मग शेंडा कोणता आणि फूट कोणती हे ओळखू येत नाही आणि नवखा माणूस शेंडाच मोडून बसतो. खूण सोपी आहे: पान आणि खोड यांच्या बेचक्यातून आलेली ती बगलफूट. फुलांचा घोस बेचक्यातून येत नाही, तो खोडातून थेट निघतो.

आता फळांची विरळणी. मोठ्या फळांच्या वाणात पहिल्या घोसावर तीन-चार आणि पुढच्यांवर चार-पाच फळं ठेवा. टोकाची बारकी आणि वेडीवाकडी काढून टाका. चेरी टोमॅटोला याची गरज नाही. पहिल्या घोसावर सात-आठ फळं लागली की मन होत नाही, पण झाडाची मुळं आणि पानं तेव्हा अजून लहान असतात. सगळा माल तिकडे ओढला जातो, शेंडा बारीक होतो आणि चौथा-पाचवा घोस रिकामा जातो. तोडणीत मध्येच तीन आठवड्यांचा खड्डा पडतो तो बहुतेक वेळा इथला.

तपासा : शेंड्यापासून १५ सेंटिमीटर खाली खोडाची जाडी बघा. १० ते १२ मिलिमीटर असेल तर झाड समतोल आहे. त्याहून बारीक आणि फूल शेंड्याच्या अगदी जवळ उमललेलं, तर झाडावर ओझं जास्त आहे; एक-दोन फळं कमी करा. जाड खोड, आत वळलेली गडद पानं आणि फुलांनंतर घोसाच्या टोकाला पान फुटलेलं दिसलं, तर नत्र जास्त झालंय. दर आठवड्याला त्याच दहा झाडांवर ही नोंद ठेवा. खताचा निर्णय या दहा झाडांना विचारून घेतलेला बरा.

## टप्पा ६ : सेटिंग

सेटिंग म्हणजे फुलाचं फळ धरणं. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, पण त्यासाठी ते हलावं लागतं. पराग फुलाच्या मधल्या पिवळ्या नळीच्या आत असतो आणि कंप बसला की खाली सांडतो. उघड्या शेतात हे काम वारा करतो. पॉलिहाऊसमध्ये वारा नाही, साधी मधमाशी ते फूल घुमवत नाही. भुंग्यासारख्या बंबलबी जिथे वापरता येतात, तिथे हा प्रश्न सुटतो. बाकी ठिकाणी आपल्यालाच हलवायचं.

सकाळी १० ते दुपारी ३ या वेळेत, आठवड्यातून तीनदा, आडव्या तारेवर किंवा दोरीवर काठीने हलकेच ठोका. थोडी झाडं असतील तर विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश घोसाच्या देठाला मागून क्षणभर टेकवा. ऊन पडलेलं असताना पिवळी धूळ उडताना दिसते. फुलांना थेट टेकवू नका, डाग पडतात.

हवेतली आर्द्रता ६० ते ७० टक्के असताना हे उत्तम चालतं. ८० च्या वर पराग गोळा होऊन नळीतच चिकटतो, फार कोरड्या हवेत तो कुक्षीवर (फुलाच्या पराग धरणाऱ्या टोकावर) टिकत नाही. म्हणजे सकाळी आधी पडदे उघडून दमट हवा बाहेर जाऊ द्यायची, मग काठी हातात घ्यायची. हा क्रम उलटा करणारे मेहनत करतात आणि फळ मात्र लागत नाही.

फुलगळीचं कारण शोधताना आजचं तापमान बघू नका. परागाचं नुकसान फूल उमलण्याच्या सात ते नऊ दिवस आधी, कळी बारीक असताना होतं. दिवस ३२-३५ अंशांवर आणि रात्र २२-२४ च्या वर राहिली की कळीतच पराग नापीक होतो. १३ अंशांखालच्या रात्रीही तेच करतात. म्हणून तापमानाची रोजची नोंद ठेवा आणि फुलं गळाली की मागच्या आठवड्याचं पान उलटा. संजीवकाच्या (वाढीच्या हार्मोनच्या) फवारणीने लागलेलं फळ बरेचदा आतून पोकळ आणि टोकदार निघतं. मी त्या वाटेला जायला सांगणार नाही.

तपासा : फुलाच्या देठावर गुडघ्यासारखी गाठ असते. ती पिवळी पडली की ते फूल गळणार. हिरवी आणि जाड होत असेल तर फळ धरलंय.

## टप्पा ७ : पाणी आणि खत

मोठ्या झाडाला दिवसाला एक ते दोन लिटर, कडक उन्हात त्याहून थोडं जास्त. पण एकदम नको, थोड्या-थोड्या वेळाने. पहिलं पाणी सूर्य उगवल्यावर तास-दीड तासाने आणि शेवटचं मावळायच्या तासभर आधी. रात्री ओलं राहिलेलं बेड आणि बंद पॉलिहाऊस यातून पहाटे फळांवर दव साचतं आणि मग फळं तडकतात, करपाही येतो. पाण्याचा ताण पडून अचानक भरपूर पाणी दिलं तरी फळ तडकतंच.

फळाचा बूड काळा, चामड्यासारखा पडला की दुकानातून कॅल्शियम आणून पानांवर फवारायची सवय आहे. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर चढतं आणि जिथून जास्त बाष्प उडतं तिकडे, म्हणजे पानांकडे जातं. फळाच्या वाट्याला उरलेलं येतं. पानांवर मारलेलं कॅल्शियम तिथून फळात जात नाही. उपाय मुळाशी आहे: ओलावा दिवसभर सारखा ठेवा, अमोनियाचं नत्र कमी करा, क्षार वाढू देऊ नका आणि कॅल्शियम नायट्रेट ठिबकमधून नियमित द्या. काळी झालेली फळं काढून टाका, ती बरी होत नाहीत.

फुलं येईपर्यंत समतोल खत, फळं भरू लागली की पोटॅशकडे झुकायचं. १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) सारखी ग्रेड तेव्हाची. खालच्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर मॅग्नेशियम कमी पडतंय.

सावधान : कॅल्शियम नायट्रेट कधीही फॉस्फेट किंवा सल्फेटच्या खतांबरोबर एका टाकीत कालवू नका. पांढरा साका बसतो आणि ड्रिपर बंद पडतात. वेगळी टाकी किंवा वेगळा दिवस.

## टप्पा ८ : झाड खाली उतरवणं

सतत वाढणारं झाड आठवड्याला १५ ते २५ सेंटिमीटर चढतं. शेंडा तारेच्या वीतभर खाली असतानाच उतरवायला सुरुवात करा. तारेवरून पलीकडे लोंबू लागल्यावर नको.

१. एक-दोन दिवस आधी, सकाळी, पिकत असलेल्या घोसाखालची पानं काढा. देठ खोडाला लागून तोडा, खुंट ठेवू नका. खुंटावर राखाडी बुरशी येते आणि तिथून खोडात उतरते. एका आठवड्यात एका झाडाची दोन-तीनच पानं. वर पंधरा ते अठरा पानं राहिलीच पाहिजेत.

२. उतरवायच्या दिवशी सकाळचं पाणी थोडं उशिरा द्या किंवा काम दुपारनंतर करा. भरल्या पाण्याचं खोड ठिसूळ असतं, दुपारनंतर ते लवचिक होतं.

३. हुकाचा एक वेढा सोडा, झाड २० ते ३० सेंटिमीटर खाली येऊ द्या आणि हुक तारेवर त्याच दिशेने पुढे सरकवा. ओळीतली सगळी झाडं एकाच दिशेला.

४. ओळीच्या टोकाचं झाड वळवून शेजारच्या ओळीत न्या. तिथे कोपऱ्यावर पाइपचा गोलवा ठेवा, म्हणजे खोडाला काटकोन बसत नाही.

५. उघडं खोड बेडच्या कडेला टेकूवर निजवा. ओल्या मातीवर टाकलं तर कुजतं.

आळस करून तीन आठवड्यांचं उतरवणं एका दिवशी केलं, की एकदम अर्धा मीटर झाड खाली येतं, पानं पानांवर पडतात आणि शेंडा सावलीत जातो. काही खोडं चिरफाळतात. खोड थोडं चिरलं पण तुटलं नाही, तर टेपने घट्ट बांधून टेकू द्या; बऱ्याचदा जुळतं.

तपासा : उतरवल्यावर सगळ्यात खालचा घोस जमिनीपासून वर आहे ना? सगळे शेंडे एका उंचीत दिसतात ना? एखादा उंच राहिला तर तो शेजाऱ्यांचा उजेड खातो.

## टप्पा ९ : हंगाम आणखी लांबवायचा तर

उतरवत राहणं हा मुख्य मार्ग झालाच. त्याला तीन जोड आहेत.

पहिली, बगलफुटीची रोपं. निरोगी झाडाची १२ ते १५ सेंटिमीटर फूट घ्या, खालची पानं आणि कळ्या काढा, ओल्या कोकोपीटमध्ये सावलीत लावा. १० ते १४ दिवसांत मुळं धरतात आणि बियांच्या रोपापेक्षा लवकर फुलतात. झाडात विषाणू असेल तर तो फुटीतही येतो, त्यामुळे पान आकसलेल्या किंवा चट्टे पडलेल्या झाडाची फूट कधीच नको.

दुसरी, टप्प्याने पेरणी. सगळे बेड एका दिवशी न लावता दुसरा भाग आठ-दहा आठवड्यांनी लावा. पहिला थकतो तेव्हा दुसरा ऐन भरात असतो. एकच अट: जुन्या झाडांवरच्या किडी नव्या रोपांवर जाऊ नयेत. कामाची फेरी नेहमी नव्याकडून जुन्याकडे.

तिसरी जोड हवामान सांभाळण्याची. उन्हाळ्यात ३५ ते ५० टक्क्यांचं शेडनेट फक्त ११ ते ३ ओढा. दिवसभर लावून ठेवलं तर खोडं बारीक होतात. फॉगर चालवताना वरची खिडकी उघडी हवी, नाहीतर आर्द्रता वाढून सेटिंग जातं. ३० अंशांच्या वर फळात लाल रंग नीट तयार होत नाही, खांदे पिवळे राहतात. म्हणून उन्हाळ्यात फळाच्या बुडाला पहिली गुलाबी छटा दिसली की तोडा आणि २० ते २२ अंशांच्या सावलीत पिकवा. झाडावरचं ओझंही हलकं होतं. थंडीत ऊन उतरायच्या आधीच पडदे बंद करून दिवसाची ऊब आत कोंडा, पण सकाळी ऊन आलं की थोडा वेळ उघडून दमट हवा घालवाच.

किडींबद्दल एवढंच: पिवळे आणि निळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर ठेवा, झाड वाढेल तसे वर सरकवा. पानांची मागची बाजू आठवड्याला बघा. लांबलेल्या हंगामात दर दोन-चार दिवसांनी तोडणी असते, म्हणून कोणतंही औषध मारण्याआधी त्याच्या लेबलवरचा काढणीपूर्व प्रतीक्षा काळ वाचा. तो तोडणीच्या वेळापत्रकात बसत नसेल तर ते औषध तुमच्या कामाचं नाही.

## टप्पा १० : शेंडा मोडणं आणि शेवटची हिरवी फळं

पीक संपवायची तारीख ठरवा आणि तिच्या सहा ते आठ आठवडे आधी शेंडा मोडा. शेवटच्या धरलेल्या घोसावर दोन पानं ठेवून मोडायचा. ती पानं घोसाला पोसतात आणि उन्हापासून झाकतात. फुलापासून लाल फळाला ४५ ते ६० दिवस लागतात, थंडीत जास्त. त्यामुळे शेंडा मोडताना जे फक्त फूल आहे, त्याचं फळ हाती लागेलच असं नाही. मोडल्यावर बगलफुटी जोरात येतात, त्या काढत राहा. पाणीही हळूहळू कमी करा, कारण वाढ थांबलेल्या झाडाला तेवढंच पाणी दिलं की फळं तडकतात.

शेवटच्या दिवशी उरलेली हिरवी फळं सरसकट पिकत नाहीत. त्या आकाराचं एक फळ धारदार सुरीने आडवं कापा. बिया सुरीने चिरल्या गेल्या तर तो माल कच्चा आहे, भाजीत घाला. बिया गिळगिळीत गरात बाजूला सरकून अखंड राहिल्या, तर त्या आकाराची फळं पिकतील. ती १८ ते २१ अंशांत, देठाची बाजू खाली करून, एका थरात मांडा. घाई असेल तर सोबत एक पिकलेलं केळं ठेवा. १० अंशांखाली किंवा फ्रीजमध्ये ठेवलेलं हिरवं फळ नंतर पिकलं तरी बेचव आणि ठिगळ्या रंगाचं होतं.

झाडं काढताना नुसती कापू नका, मुळांसकट उपटा आणि प्रत्येक ओळीतली चार-पाच मुळं पाण्यात धुऊन बघा. मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहेत. त्या बेडवर पुढच्या वेळी कलमी किंवा सहनशील वाणच घ्या, आणि जमीन तापवायचं प्लास्टिक उन्हं कडक असतानाच अंथरा.